वडिलांची आरएक्स १०० आणि कापायची घाई

वयाने बराच लहान दिसतोस, म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. तुझा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची १९९४ सालची यामाहा आरएक्स १०० सहा वर्षं भांडुपच्या बिल्डिंगखाली ताडपत्रीत पडून आहे, पार्किंगचा एक कोपरा वापरायला मिळालाय, तिची कॅफे रेसर, म्हणजे सपाट सीट आणि खाली घेतलेलं हँडल असलेली रेसिंग थाटाची गाडी, करायची आहे. मागची फ्रेम कापायला ग्राइंडरही आणून ठेवलायस. सुरुवात कुठून करू?

ग्राइंडर परत करण्यापासून.

चेष्टा करत नाहीये. ही गाडी आपल्याकडे १९८५ ते १९९६ एवढीच बनली. मूळ रूपातली, कागदपत्रं चोख असलेली आरएक्स आज लोक शोधत फिरतात, आणि कापलेल्या फ्रेमची पाहून पुढे जातात. एकदा कापलीस की परतीचा रस्ता नाही. शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, कंपनीने दिलेला जो तपशील आहे, त्याच्याशी तफावत येईल असा बदल मालकाने करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ए बदललं आणि त्यात ही शिक्षा आली: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द नीट वाच. तुझी गाडी तीस वर्षांपुढची, म्हणजे दर पाच वर्षांनी आरसी नूतनीकरणाला वडाळ्याच्या आरटीओत न्यावी लागणार. तिथे चासी नंबरवर कागद धरून पेन्सिलने ठसा घेतात. मी पावडर कोटिंगच्या जाड थराखाली नंबर बुजवून नेलेला एक पोरगा तिथे रडवेला झालेला पाहिलाय.

आता माझी लाज सांगतो. माझी पहिली गाडी येझदी. फ्रेमचा सीटखालचा मागचा वळसा कापून सपाट सीट बसवली आणि वेल्डिंग गल्लीतल्या ग्रीलवाल्याकडून करून घेतलं. बिचाऱ्याने दोनदा विचारलं होतं, "शेठ, गाडीचं आहे का?" खिडकीच्या जाळीला वरवरचा टाका चालतो. फ्रेमच्या पाइपात वेल्ड आतपर्यंत उतरावं लागतं आणि ते वरून दिसत नाही. चार महिन्यांनी, भर पावसात, विक्रोळीजवळच्या खड्ड्यात टाका सुटला. मागे बायको बसलेली. सीट खाली बसली, मडगार्ड टायरला घासायला लागलं. ट्रॅफिक होता, वेग नव्हता, म्हणून घरी आलो. पुढची दोन वर्षं बायको रिक्षाने फिरली.

तर क्रम असा धर. आधी गाडी आहे तशी चालती कर आणि निदान महिनाभर चालव. इंजिनाची दुखणी चालवल्याशिवाय कळत नाहीत, आणि सगळं रंगवून जोडल्यावर कळली तर रंगासकट पुन्हा उघडावं लागतं.

सहा वर्षं बंद असलेल्या इंजिनाला पहिल्याच दिवशी किक मारू नकोस. स्पार्क प्लग काढ, भोकातून दोन-तीन चमचे टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल सोड, रात्रभर राहू दे. दुसऱ्या दिवशी गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने हळूहळू फिरव. मोकळं फिरलं तर पिस्टन चिकटलेला नाही. कार्बोरेटर उघडून पायलट जेट, म्हणजे कमी वेगाला पेट्रोल सोडणारी बारीक तोटी, साफ कर, त्याच्या केसाएवढ्या भोकात जुन्या पेट्रोलचा डिंक बसलेला असतो. पेट्रोलचे रबरी पाइप बघायच्या भानगडीत न पडता बदल, हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलपुढे ते तग धरत नाहीत.

खरी मेख क्रँकच्या, म्हणजे पिस्टनच्या खालच्या फिरत्या दांड्याच्या, दोन्ही टोकांवरच्या रबरी ऑइल सीलमध्ये आहे. इथे थोडं थांबतो, कारण बऱ्याच आरएक्स इथेच मरतात. टू-स्ट्रोकमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँकभोवतीच्या पेटीत, येतं, तिथे दाबलं जातं आणि मग वर जातं, म्हणून क्रँककेस हवाबंद हवी. पडून राहिलेल्या गाडीचे सील कडक होतात. मॅग्नेटोच्या, म्हणजे ठिणगीची वीज बनवणाऱ्या भागाच्या, बाजूचा गेला की बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), इंजिन तापतं आणि एक दिवस हायवेवर पिस्टन जाम. क्लचच्या बाजूचा गेला की गिअरचं तेल आत ओढलं जाऊन जळतं, मागे पांढरा धूर आणि गिअरबॉक्समध्ये तेल कमी. थोडी चालवून प्लग बघ: चॉकलेटी असेल तर ठीक, पांढराफटक असेल तर हवा कुठून तरी येतेय. ऑटोल्यूबच्या, म्हणजे इंजिनाला आपोआप ऑइल पुरवणाऱ्या, पंपात हवा अडकलेली असू शकते, ती काढ, आणि पहिल्या टाकीला लिटरमागे २० मिलिलिटर टू-टी वेगळं मिसळ. धूर होईल. होऊ दे, सोसायटीच्या सेक्रेटरीला आधी सांगून ठेव.

सायलेन्सर कापायचा विचार तू लिहिला नाहीस, पण असणारच. त्या फुगीर पोटाचं काम आवाज कमी करण्याएवढंच नाही. एक्झॉस्टबरोबर थोडं ताजं मिश्रणही बाहेर निसटतं, आणि आतल्या शंकूवर आपटून परतणारी दाबाची लाट ते पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. पोट कापलंस की ताकद जाते आणि हातात फक्त कर्कश आवाज उरतो. मुंबईत पोलिसांनी जप्त केलेल्या असल्या सायलेन्सरांवरून रोलर फिरवलाय. मूळचाच सायलेन्सर कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने धू, हातमोजे आणि चष्मा घालून. वर्षानुवर्षांचा कार्बन निघाला की गाडी वेगळीच वाटते. ॲल्युमिनियमच्या कुठल्याही पार्टला मात्र ते पाणी लावू नकोस, खाऊन टाकतं. उघड्या एअर फिल्टरचीही तीच गत: हवा वाढली की जेट बदलावा लागतो, आणि जुलैत तो फिल्टर पाणी पितो.

रूप बदलायचंच असेल तर नियम एकच, नवीन वस्तू मूळच्या नटबोल्टवर बसली पाहिजे आणि काढलेली वस्तू पोटमाळ्यावर जपून ठेवली पाहिजे. सीट, खाली घेतलेला हँडलबार, आरसे एवढ्यात गाडी ओळखू येत नाही इतकी बदलते. यालाही पोलीस अडवू शकतो, पण एका दुपारी सगळं पूर्ववत करता येतं. हँडल बदललंस की दोन्ही टोकांना पूर्ण वळवून बघ: बोटं टाकीला चेपतात का, क्लचची केबल ताणते का, ॲक्सिलरेटर आपोआप वाढतो का. हे न बघता निघालेले लोक पहिल्याच यू-टर्नला पडतात.

जागेचं म्हणशील तर उघडलेली बाइक उभ्या बाइकच्या तिप्पट जागा खाते, आणि पार्किंगचा कोपरा तुझा आहे असं तुलाच वाटत असतं. एका वेळी एकच भाग उघड, तो जोड, मग पुढचा. क्रँककेसचे पेच वेगवेगळ्या लांबीचे आहेत. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून प्रत्येक पेच आपापल्या जागी खोचून ठेव. ही युक्ती मला बेस्टच्या डेपोतून निवृत्त झालेल्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी शिकवली. ते रविवारी खुर्ची टाकून बसायचे आणि मी नको तो पाना उचलला की नुसते खाकरायचे. पेचांना इम्पॅक्ट ड्रायव्हर (हातोडीच्या ठोक्याने पेच फिरवणारा) वापर, साध्या स्क्रूड्रायव्हरने डोकी जातात. फ्लायव्हील (मॅग्नेटोचं जड चाक) हातोडीने काढायचं नाही, ते ओढून काढणारा पुलर विकत घे. आणि मीटर रूमजवळ टाकी उघडू नकोस. पेट्रोलची वाफ जड असते, जमिनीलगत पसरत जाते आणि ठिणगीपर्यंत पोचते.

रंग पावसाळ्यात अजिबात नको. दमट हवेत थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प धरतं आणि चकचकीत काळ्यावर पांढुरकी साय येते. जून ते सप्टेंबर इंजिन, वायरिंग, ब्रेक करत बस. रंग दिवाळीनंतर. उघडं केलेलं लोखंड एका रात्रीत तांबूस होतं, म्हणून तेलाचा हात फिरवूनच झोपायला जा. रंग मूळचाच ठेवलास तर आरसीचा प्रश्न येत नाही.

खर्चाचा आकडा मी देणार नाही, तो सिलिंडर उघडल्यावर लेथवालाच सांगेल. बोअर करायचा, म्हणजे सिलिंडर आतून खरडून मोठा करायचा, निघाला तर आधी पिस्टन विकत घे आणि त्या पिस्टनच्या मापाने बोअर करून घे, उलटं नको. पैसे कमी पडले तर सीट थांबव, सील आणि ब्रेक शू थांबवू नकोस.

सील, बेअरिंग आणि नटबोल्टसाठी नागदेवी स्ट्रीटच्या हार्डवेअर बाजारात जा. जुना सील आणि व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी) दोन्ही खिशात घेऊन जा, कारण नावाने मागितलंस तर जे हाती येईल ते देतील. रविवारी तिकडे शटर बंद असतात, त्यामुळे शनिवारी ऑफिस सुटल्यावर पोचता येईल असं बघ. प्लगचा फोटो टाक, रंग बघून सांगतो.