'राइट साइड' म्हणजे उजवी बाजू नव्हे

प्रश्न असा आलाय की शिवणाच्या इंग्रजी पॅटर्नवर, म्हणजे कापड बेतायच्या कागदी नमुन्यावर, 'आरएसटी' लिहिलेलं असतं, त्याचा फुलफॉर्म 'राइट साइड्स टुगेदर', मग दोन उजव्या बाजू एकत्र कशा आणायच्या?

अहो, इथे उजवं-डावं काही नाहीच. कापडाची सुलट ती राइट साइड म्हणजे आरएस, उलट ती राँग साइड म्हणजे डब्ल्यूएस. आरएसटी म्हणजे सुलटीवर सुलट ठेवून शिवा, बस्स. तसं बघितलं तर 'उजवा' अगदीच चुकलेला नाही म्हणा, 'हा त्याच्यापेक्षा उजवा' म्हणताना आपल्यालाही सरसच म्हणायचं असतं. पण सुलट-उलट इतकी पक्की जोडी हाताशी असताना तिकडे जायचंच कशाला?

दुसरं 'एसए', म्हणजे सीम अलाउन्स. याला कुणी 'शिवण भत्ता' म्हटलं की मला पगाराची स्लिप आठवते. याला मराठीत फार गोड शब्द आहे, माया! शिवणीच्या बाहेर जे जादा कापड सोडतो ती माया, 'जरा माया ठेव, उद्या उसवून सैल करता येईल' हे ऐकलंच असेल. आता मेख अशी की अमेरिकन पॅटर्नमध्ये बहुतेकदा 5/8 इंच, म्हणजे साधारण दीड सेंमी माया आधीच धरलेली असते, पण बुर्डा या जर्मन शिवण-मासिकातले पॅटर्न परंपरेने मायेशिवायच असतात, ती आपण वाढवून कापायची. विसरलात तर हिशोब करा, दोन कडेच्या शिवणी, प्रत्येकीला दोन कापडं, म्हणजे चार कडा गुणिले दीड, घेरात 6 सेंमी गेले. ब्लाउज अंगात शिरणारच नाही.

सीएफ, सीबी सोपं आहे, सेंटर फ्रंट आणि सेंटर बॅक, म्हणजे पुढचा मध्य आणि मागचा मध्य. लांब बाण दिसला तर तो कापडाच्या उभ्या धाग्याला समांतर ठेवायचा, आणि त्याच बाणाची टोकं कडेकडे वळलेली असली तर ती कड कापडाच्या घडीवर, तिथे कात्री लावायची नाही.

आणि एक गंमत, आपण ज्याला सर्रास 'टक्स' म्हणतो त्याला पॅटर्नमध्ये 'डार्ट' म्हणतात, टोकाकडे निमुळता होत जाणारा. पॅटर्नमधला 'टक' वेगळाच, ती सरळ शिवलेली चुणी. त्यामुळे तिथे 'टक' वाचून सवयीने निमुळतं शिवू नका.