घरच्या रातांब्यांची (कोकमाच्या फळांची) आमसुलं पावसाळ्यात बुरशी धरतात, काय चुकतंय?

मीठ कमी पडतंय. बरणी कुठली घेऊ, फ्रिजात ठेवू का, हे नंतर. "तब्येतीसाठी मीठ नावालाच घातलं" असं तुम्ही लिहिलंत आणि माझं डोकं फिरलं, कारण हे वाक्य आमच्या घरात एकदा बोलून झालंय.

बोलले आमचे भावजी. ठाण्याला असतात, मे महिन्यात आठ दिवस येतात. मी खळ्यात रातांबे फोडत बसले होते. सासूबाईंचं प्रमाण किलोभर सालींना दीडशे ग्रॅम मीठ. भावजी म्हणाले, "वहिनी, लोणचं घालताय की आमसुलं?" घरात दोघांना बीपी, म्हणून मीही ऐकलं आणि मीठ निम्म्यावर आणलं. त्यात तिसऱ्या पुटाला, म्हणजे साली रसात भिजवून वाळवायच्या तिसऱ्या फेरीला, वळीव आला. सुपं उचलून माजघरात आणली, दोन दिवस पंख्याखाली वाळवली. नागपंचमीला बरणी उघडली तर वर हिरवट लव! सगळी सोलं, म्हणजे आमसुलंच, माडाच्या आळ्यात गेली. आणि गणपतीत हेच भावजी पंगतीत म्हणतात, "आईच्या हातची आमसुलं कधी बुरसली नाहीत." मी आमटी वाढत होते. काही बोलले नाही, ते आज इथे बोलतेय.

तर बिया-गराला मीठ लावून सुटलेला रस टाकायचा नाही. साली दिवसभर उन्हात, संध्याकाळी त्या रसात, सकाळी पुन्हा ऊन, अशी चार-पाच पुटं. साल काळपट आणि चिवट झाली पाहिजे, दाबली तर रस बोटाला लागता कामा नये. पावसात भिजलेले रातांबे आमसुलांसाठी घेऊच नका. बरणी चिनी मातीची किंवा काचेची. स्टीलच्या डब्याला आंबट आणि खारट मिळून भोकं पाडतात, आमचे दोन डबे तसेच गेले. फ्रिजची गरज नाही, ओला हात मात्र बरणीत नको.

वर पांढरं दिसलं तर आधी बोटाने चोळून बघा. खरखरीत असेल तर ते मीठ, लव असेल तर बुरशी. बुरशी आलेली धुऊन पुन्हा वाळवायचा शहाणपणा करू नका, टाका.

हो, बिनमिठाची सोलंही करतात लोक. पण ती पार कडक वाळावी लागतात आणि कडक उन्हाचे जास्त दिवस लागतात, म्हणजे एप्रिलचेच रातांबे हवेत. बीपी असेल तर आमसूल घातल्यावर आमटीत मीठ कमी घाला, एवढं साधं आहे. हे मी तेव्हाच सांगितलं होतं.

भावजी दरवर्षी एक बरणी ठाण्याला नेतात. दीडशे ग्रॅमवालीच.