अभ्यास दणकून हवा, रस्सीखेच नको

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. मुलीला अमेरिकेत पदवीचं शिक्षण घ्यायचंय. अभ्यासाला ती घाबरत नाही, पण क्लासमधल्या रँकच्या याद्या आणि नोट्स लपवणाऱ्या मैत्रिणी यांना ती विटली आहे. तिच्या बाबांना मात्र धास्ती आहे, की जिथे स्पर्धा नाही तिथे दर्जाही नसणार.

ही धास्ती आधी काढून टाका. हार्वी मड हे विज्ञान-इंजिनीअरिंगचं अत्यंत कठीण कॉलेज आहे. तिथे मुलं होमवर्कला सर्रास गटाने बसतात आणि पहिल्या सेमिस्टरला ए-बी-सी ग्रेडच नसतात. रीड कॉलेजमध्ये ग्रेड नोंदवले जातात, पण मागितल्याशिवाय सहसा दाखवत नाहीत. निबंध परत येतो तो प्राध्यापकांच्या शेऱ्यांसकट. आणि तिथे शेवटच्या वर्षी प्रबंध लिहिल्याशिवाय कुणाचीच सुटका नाही!

माझ्या मते कॉलेजचं वातावरण ठरतं ते ग्रेड देण्याच्या पद्धतीवरून. वर्गातल्या ठरावीक टक्के मुलांनाच ए मिळणार असेल, तर मैत्रिणीला गणित समजावणं म्हणजे स्वतःचा ग्रेड धोक्यात घालणं. तिथे चांगली मुलंही हात आखडता घेतात. उलट ब्राउन विद्यापीठात १९६९पासून ओपन करिक्युलम आहे: कुठलाही विषय ग्रेडशिवाय, फक्त उत्तीर्ण होण्यापुरता घेता येतो आणि विद्यापीठ जीपीए, म्हणजे सगळ्या ग्रेडची सरासरी, काढतच नाही. हॅवरफर्ड कॉलेजमध्ये ऑनर कोड, म्हणजे प्रामाणिकपणाची नियमावली, मुलंच चालवतात. सत्राअखेरच्या बहुतेक परीक्षांची वेळ ज्याची त्याने ठरवायची आणि वर्गात पर्यवेक्षक नसतो. असा विश्वास टाकला की मुलं तो जपतात.

आणखी एक गोष्ट नीट तपासा. काही मोठ्या विद्यापीठांत प्रवेश मिळाल्यावरही कॉम्प्युटर सायन्ससारख्या विषयासाठी पुन्हा वेगळा अर्ज करावा लागतो. म्हणजे पहिलं वर्षभर तीच चुरस. काही ठिकाणी तर विद्यार्थ्यांच्या क्लबमध्ये शिरायलाही मुलाखती होतात. तुमच्या मुलीला नेमकं हेच नकोय.

हे सगळं माहितीपुस्तिकेत सापडणार नाही. तिला आवडलेल्या दोन-तीन विषयांचे सिलॅबस शोधायला सांगा. होमवर्क एकत्र करायला परवानगी आहे का, हे त्यात बहुधा लिहिलेलं असतं. मग तिथल्या विद्यार्थ्यांशी तिने स्वतः बोलावं, तुम्ही नको. ‘तुमच्याकडे वातावरण कसं आहे?’ असं विचारलं तर सगळे ‘छान’ म्हणतात. त्याऐवजी विचारावं, ‘आजारपणात तुझं लेक्चर बुडलं तेव्हा नोट्स कुणी दिल्या?’ उत्तर द्यायला समोरचा अडखळला, तर काय ते समजून घ्या.

निवांतपणाबद्दल मात्र गैरसमज नको. कार्लटन कॉलेजमध्ये वातावरण खेळीमेळीचं आहे, पण सत्र जेमतेम दहा आठवड्यांचं. एक आठवडा मागे पडलं की दमछाक होते. ही गती तिला झेपेल का, ते तिच्याशी मोकळेपणाने बोला.

अर्ली डिसिजनचा, म्हणजे एकाच कॉलेजला लवकर करायचा, अर्ज बंधनकारक असतो: प्रवेश मिळाला तर तिथेच जावं लागतं. त्याची मुदत बहुतेक ठिकाणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपते. विद्यार्थ्यांशी बोलणं झाल्याशिवाय तो भरू नका. तिची यादी तयार झाली की मला पाठवा, प्रत्येक कॉलेजची ग्रेडची पद्धत आपण मिळून बघू.