ते कर्ज त्याच्या नावावर लिहू नका

नमस्कार ताई,

तुमचं चार पानी पत्र मिळालं. वाचून झालं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला, कारण त्यातल्या एका ओळीला छापील उत्तराची वाट बघत ठेवणं मला जमलं नसतं. आपण जे बोललो ते आणखी बऱ्याच घरांच्या कामाचं आहे, म्हणून तुमच्या परवानगीने, खुणा बदलून, इथे लिहिते आहे.

वाचकांसाठी थोडक्यात सांगते. बीड जिल्ह्यातलं कोरडवाहू शेतीचं घर. मुलगा 19 वर्षांचा, बारावीनंतर दोन वर्षं लातूरला रिपीटर बॅचला. क्लासची फी, रूम, मेस यासाठी दीड एकर गहाण, वर पतसंस्थेचं कर्ज. यंदाही सरकारी मेडिकलला लागतील इतके गुण आले नाहीत. चुलतभावाचा मात्र नंबर लागला आणि गावच्या फाट्यावर त्याच्या अभिनंदनाचा फ्लेक्स झळकला. ताईंनी विचारलंय की तिसरं वर्ष थांबवून पुन्हा नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला बसवावं, की दुसरीकडे प्रवेश घ्यावा? कोणत्या कोर्सने पैसे लवकर फिटतील? आणि अगदी शेवटी, सहीच्या खाली, लिहिलंय: "तो धड जेवत नाही. परवा स्वतःची सायकल बहिणीला देऊन टाकली. म्हणाला, मी नसतो तर एवढं कर्ज झालं नसतं. तसलं काही नसेल ना? ह्यांना बोलले तर म्हणतात, असलं विचारून त्याच्या डोक्यात भरवू नकोस."

ताई, सहीखालची ती ओळ मी सगळ्यात आधी घेते. कोर्सचं नंतर बघू.

विचारल्याने मरणाचा विचार डोक्यात भरत नाही. ही समजूत घराघरांत आहे आणि ती चुकीची आहे. ज्याच्या मनात असं काही घोळत असतं त्याला कुणी सरळ विचारलं की बहुतेक वेळा थोडं मोकळं वाटतं, कारण तोवर तो ते एकटा वागवत असतो. मी हे स्वतःच्या चुकीतून शिकले. खूप वर्षांपूर्वी एक मुलगी माझ्यासमोर बसून "मॅडम, मला आता दमायला झालंय" असं म्हणाली होती आणि मी तिला कॉलेजांची यादी लिहून दिली. ती वाचली, आज नोकरी करते. पुढे एकदा भेटली तेव्हा म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही विचाराल असं वाटलं होतं." तेव्हापासून मी विचारते. प्रत्येकाला.

तुम्हीही विचारा. दोघंच असाल अशा वेळी, गोठ्यात, शेताच्या वाटेवर, कुठेही. "मरून जावं असं वाटतंय का रे तुला?" एवढ्या साध्या शब्दांत. आडून नको. आणि तो बोलायला लागला की मधे पडू नका. "असं अभद्र बोलू नये", "आमचं काय होईल याचा विचार कर", "बहिणीचं लग्न व्हायचंय" ही वाक्यं मायेपोटीच येतात, मला माहीत आहे. पण ऐकणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की हे इथे बोलायचं नाही. त्याच्यावर आधीच ओझं आहे, त्यात आणखी एकाची भर पडते. तुम्ही फक्त म्हणा, "बरं झालं मला सांगितलंस. मी आहे इथे."

तो हो म्हणाला, किंवा गप्प राहिला आणि डोळे भरून आले, तर त्याला एकटं सोडायचं नाही. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठी फोनवर मदत देणाऱ्या सेवेचा नंबर आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेली ही सेवा चोवीस तास आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. फोन तो करू शकतो, तुम्हीही करू शकता. "मुलगा असं म्हणतोय, मी काय करू" एवढं विचारायलासुद्धा करा. अगदी त्याच घटकेचा धोका वाटला तर 112, नाहीतर थेट जवळचा दवाखाना. आणि काहीही उत्तर येवो, फवारणीची औषधं आजच घरातून हलवा. कुलपात ठेवा, किल्ली तुमच्या कमरेला. घरातल्या गोळ्यांचंही तेच. माणसाच्या मनात हा विचार फार जोर करतो तो वेळ बहुतेकदा थोडा असतो. तेवढा वेळ निघून गेला, शेजारी कुणी असलं, की मदत पोचते. तो नाही म्हणाला तरी चार दिवसांनी पुन्हा विचारा.

सायकल देऊन टाकणं, "मी नसतो तर" म्हणणं, जेवण-झोप बिघडणं, या खुणा तुम्ही बरोबर ओळखल्या आहेत. आईला उगाच वाटत नाही.

आता तुमच्या मालकांबद्दल. ते कठोर आहेत असं मला तुमच्या पत्रातून वाटलं नाही, घाबरलेले वाटले. डॉक्टरकडे नेलं तर गावात कळेल, पोलिसांची भानगड होईल, पुढे सोयरीक जमणार नाही, असं त्यांच्या मनात असणार. त्यांना सांगा की मनातलं बोलायला डॉक्टरकडे जाण्यात पोलिसांचा काहीही संबंध नाही. ज्याने प्रयत्न केला, त्यालासुद्धा 2017 चा मानसिक आरोग्य कायदा गुन्हेगार समजत नाही. तो माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरतो आणि त्याच्यावर उपचार करण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो. डॉक्टरांनी त्याची माहिती गुप्त ठेवायची असते, हेही त्याच कायद्यात आहे. अंबाजोगाईचं सरकारी मेडिकल कॉलेज तुमच्यापासून लांब नाही. तिथे मानसोपचार विभागाची ओपीडी आहे, केसपेपर काढून थेट दाखवता येतं. ताप आला तर नेलंच असतं ना?

हे सगळं एकट्या तुमच्या घरात घडतंय असं समजू नका. 2022 या एका वर्षात देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आपला जीव संपवला अशी राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची नोंद आहे. त्यातले 1,764 आपल्या महाराष्ट्रातले, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. त्याच अहवालात देशभरातल्या सगळ्या वयाच्या माणसांचं मिळून "परीक्षेतलं अपयश" हे कारण साधारण दोन हजार जणांपुढे लिहिलेलं आहे. सगळ्यात मोठा रकाना आहे "कौटुंबिक समस्या", जवळजवळ एक तृतीयांश. पोलिसांच्या कागदावर कारण एकच लिहायचं असतं. वर्तमानपत्रातही "कमी मार्क पडल्याने" असा मथळा येतो आणि प्रकरण मिटतं. पण एका कारणाने कुणी मरत नाही. पेपर दरवर्षी लाखो मुलांना अवघड जातो. त्या पेपराला घराने, भावकीने, गावाने काय काय टांगून ठेवलंय, त्याचं वजन प्रत्येकाचं वेगळं असतं.

तुमच्या मुलाच्या पेपराला दीड एकर जमीन टांगलेली होती. चुलत्याशी बरोबरी टांगलेली होती. "आपल्या घरातला पहिला डॉक्टर" हे शब्द त्याने आठवीपासून ऐकलेत, हे तुम्हीच लिहिलंय. रोज रात्री फोनवर पहिला प्रश्न "मॉक टेस्टला किती पडले?" आणि मग "जेवलास का?" लातूरला क्लासमध्ये मार्कांप्रमाणे बॅच बदलायची, आणि आपण खालच्या बॅचला गेलो हे त्याने तुम्हाला सहा महिने सांगितलं नाही. मी याच शहरात राहते. लातूर पॅटर्नने गरीब घरातली किती मुलं वर आली ते मी बघितलंय आणि त्याचा मला अभिमान आहे. पण निकालानंतर चौकाचौकात चेहऱ्यांचे फ्लेक्स लागतात तेव्हा मला राग येतो. त्या फ्लेक्सखालून क्लासला जाणाऱ्या बाकीच्या मुलांकडे कोण बघतं? सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये सगळ्या शैक्षणिक संस्थांना आणि क्लासना सांगितलं आहे की गुणांवरून मुलांच्या वेगळ्या बॅच करू नयेत आणि शंभर किंवा जास्त मुलं असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा. पुढच्या वर्षी कुठल्याही क्लासची फी भरायची वेळ आलीच, तर आधी हे दोन प्रश्न विचारा. तो तुमचा हक्क आहे.

आणि आकडे तुमच्या मालकांना दाखवा. 2025 ला 22 लाखांहून जास्त मुलांनी नीट दिली. तेव्हा देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास, त्यातल्या साधारण निम्म्याच सरकारी. एकाला जागा मिळते तेव्हा साधारण सतरा जणांना मिळत नाही. हे सतरा जण आळशी नसतात. तुमचा मुलगा त्यांतला एक आहे, बस्स.

कर्जाबद्दल मला जरा स्पष्ट बोलू द्या. जमीन गहाण टाकायचा निर्णय तुम्ही दोघांनी घेतला. चांगल्या मनाने घेतला, पण घेतला तुम्ही. तेव्हा तो 17 वर्षांचा होता. ते कर्ज त्याच्या नावावर नाही आणि ते त्याच्या जिवाच्या बदल्यात तर नाहीच नाही. हे त्याला कुणीतरी तोंडाने सांगायला हवं, आणि ते त्याच्या वडिलांनी सांगितलं तर उत्तम. आपल्याकडे बाप मुलाशी असं बोलत नाही, हेही मला कळतं. लांबलचक बोलायची गरज नाही. "पैशाचं मी बघतो, तो तुझा हिशोब नाही. तू घरात असलेला मला पाहिजे." एवढी दोन वाक्यं. नाहीच जमलं बोलायला, तर चिठ्ठीवर लिहून त्याच्या उशाशी ठेवू देत. आणि "कोणत्या कोर्सने पैसे लवकर फिटतील" हा प्रश्न निदान या वर्षी त्याच्यासमोर काढू नका. पतसंस्थेत जाऊन हप्त्यांची मुदत वाढवून मागणं हे मोठ्यांचं काम आहे, ते मोठ्यांनी करावं.

आता तुमचा मूळ प्रश्न, पुढे काय. तो मी टाळत नाही, कारण पुढचं दार जवळ दिसलं की मुलं तरतात, हे आपल्या देशातच दिसलेलं आहे. तमिळनाडूत चेन्नईच्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी, ज्यांनी 1986 मध्ये आत्महत्या रोखण्यासाठी "स्नेहा" ही संस्था सुरू केली, एक साधी गोष्ट मागितली होती: शालान्त परीक्षेत नापास झालेल्याला महिन्याभरात पुन्हा पेपर देता यावा, म्हणजे वर्ष वाया जात नाही. सरकारने ते केलं, आणि परीक्षेतल्या अपयशाने होणाऱ्या आत्महत्या तिथे कमी झाल्या. आपल्याकडेही दहावीची फेरपरीक्षा 2015 पासून ऑक्टोबरऐवजी जुलैत आली.

तिसरा ड्रॉप, म्हणजे परीक्षेसाठी आणखी एक वर्ष थांबणं, या वर्षी नको, असं माझं मत आहे. त्याची कुवत नाही म्हणून हे सांगत नाही. त्याच रूमवर, त्याच बाकावर, अजून एक वर्ष एकट्याने बसणं आत्ता त्याच्यासाठी सुरक्षित नाही म्हणून सांगते. नीटला वयाची वरची मर्यादा 2022 पासून राहिलेली नाही आणि किती वेळा द्यायची यालाही मर्यादा नाही. म्हणजे आज दुसरीकडे प्रवेश घेतला तरी ते दार उघडंच राहतं. हे त्याला आवर्जून सांगा. "संपलं" आणि "सध्या थांबलं" यात त्याच्यासाठी फार अंतर आहे.

याच वर्षीच्या नीटच्या गुणांवर आयुर्वेद, होमिओपॅथी आणि पशुवैद्यकाच्या प्रवेशाच्या फेऱ्या असतात. पशुवैद्यकचं सरकारी महाविद्यालय परभणीला आहे, उदगीरलाही आहे. तुम्ही सहज लिहिलंय की गाय विताना अडली होती तेव्हा रात्रभर तो डॉक्टरांच्या शेजारी कंदील धरून उभा होता. ते वाक्य मी दोनदा वाचलं. त्याला विचारून बघा, सक्ती नको. बी.एस्सी. नर्सिंग, बी. फार्म. आणि कृषी पदवीला राज्याची वेगळी सीईटी लागते. त्याने ती दिली आहे का, हे पत्रात नाही, ते मला कळवा. दिली नसेल तर यंदा अंबाजोगाईलाच साध्या बी.एस्सी.ला नाव घालून घरून ये-जा करता येईल. घरचं जेवण, रोज चार मित्र, आणि पुढच्या सीईटीला पुरेसा वेळ. लोकांना यात कमीपणा वाटेल. वाटू दे. आणि कुठेही प्रवेश पक्का करण्याआधी, मधेच जागा सोडली तर काय दंड पडतो, ते माहितीपुस्तिकेत बघून घ्या. त्यात दरवर्षी पालक फसतात.

पण हे सगळं तो थोडा सावरल्यावर. आधी दवाखाना, मग फॉर्म. फेऱ्यांच्या तारखांवर मी लक्ष ठेवते, तो घोर तुम्ही घेऊ नका. एक शेवटची तारीख गेली तर गेली.

चुलतभावालाही यात घ्या. दोघं एकत्र वाढलेत असं तुम्ही लिहिलंय. निकालापासून तुमच्या मुलाने त्याच्याशी बोलणं बंद केलंय, आणि तो पोरगा बहुतेक संकोचाने येत नसेल. त्याला तुम्ही बोलवा. अभ्यासाचं काढू नको म्हणावं, नुसता विहिरीवर, नाहीतर क्रिकेटला घेऊन जा. आणि बहिणीला सांगा, सायकल परत त्याच्या खोलीबाहेर लाव आणि म्हण, "दादा, मला येत नाही नीट, तू शिकव."

गुरुवारी संध्याकाळी सातला मी फोन करते. अंबाजोगाईला जाऊन आलात की केसपेपर जपून ठेवा. त्याची माझ्याशी बोलायची इच्छा असेल तर फोन त्याच्याकडे द्या, नसेल तर आपण दोघी बोलू. मधल्या दिवसांत काहीही वाटलं, रात्री दोनला वाटलं, तरी 14416 आहेच.

तुमची,
समुपदेशक ताई