एज ऑफ एम्पायर्स : दुसरा भाग सरस का?

प्रश्न : शाळेत असताना ‘एज ऑफ एम्पायर्स’ या संगणकावरच्या राज्य उभारून लढण्याच्या खेळाचा पहिला भाग भरपूर खेळलो. आता दुसरा घ्यावा म्हणतो. चित्रं सोडली तर त्यात वेगळं काय आहे?

उत्तर : जरूर घ्या. हिशेबाचा पाया तुमच्या ओळखीचाच आहे : गावकरी ५० अन्नाला, पहिलं युग (म्हणजे विकासाचा टप्पा) ओलांडायला ५०० अन्न, शेवटच्या युगात शिरायला १००० अन्न आणि ८०० सोनं. बदललंय ते तुमचं लक्ष कुठे खर्च होतं ते. १९९७च्या मूळ खेळात एक गावकरी बाहेर आला की पुढच्यासाठी परत टाउन सेंटर (गावकरी जिथे तयार होतात ती मुख्य इमारत) गाठावं लागे. तटबंदीला दरवाजाच नव्हता. आपलं सैन्य बाहेर काढायला फट ठेवली की शत्रूही तिथूनच आत. १९९९च्या दुसऱ्या भागात माणसांची रांग लावता येते (एकदम अनेकांची आगाऊ मागणी), भिंतीत दरवाजा बसतो, सैन्य रचनेत चालतं. गावकऱ्यांवर हल्ला झाला तर घंटा वाजवा, गावकरी आत आसरा घेतात; टाउन सेंटरमध्ये १५ जण मावतात आणि आतून बाण सुटतात. पूर्वी नुसती पळापळ व्हायची.

आमच्या मते सर्वांत मोठी सुधारणा लढाईतली आहे. नाइटला (चिलखती घोडेस्वाराला) ६० अन्न आणि ७५ सोनं लागतं, त्याला अडवणारा भालाईत मात्र ३५ अन्न आणि २५ लाकडात तयार होतो, सोनं शून्य. म्हणजे सोन्याच्या खाणी संपल्या तरी डाव संपत नाही. शिवाय बाजारात लाकूड विकून सोनं घेता येतं (एकच माल विकत राहिलात तर भाव पडत जातो), आणि सोनं कमवायला मित्राच्या बाजारापर्यंत व्यापारी गाड्याही धाडता येतात.

शेतीची कटकट (शेतातलं अन्न संपलं की ते पुन्हा पेरावं लागतं) मात्र १९९९मध्ये पूर्ण सुटली नव्हती. २०००च्या ‘द कॉन्करर्स’ या पुरवणी भागामध्ये गिरणीत (अन्न जमा करायच्या इमारतीत) शेतांची आगाऊ रांग लावायची सोय आली, आणि २०१९च्या ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ या दुसऱ्या भागाच्या नव्या आवृत्तीमध्ये शेत आपोआप पुन्हा पेरलं जातं. म्हणून हीच आवृत्ती घ्या.

प्रश्न : दुसऱ्या भागात पहिल्या काही मिनिटांतच मी मागे पडतो. चुकतं कुठे?

उत्तर : बहुधा टाउन सेंटर रिकामं राहत असावं. एक गावकरी तयार व्हायला २५ सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ फुकट गेला की तो भरून निघत नाही. नेहमीच्या डावात तुमच्याकडे ३ गावकरी आणि १ टेहळणी घोडेस्वार असतो, आणि टाउन सेंटर ५ जणांपुरतं असतं. पहिला गावकरी बाहेर आला की जागा संपली. म्हणून सुरुवातीलाच २५ लाकडांचं घर बांधायला घ्या; त्यात आणखी ५ जणांची सोय होते.

सुरुवातीला हाती असलेल्या २०० अन्नात ४ गावकऱ्यांची रांग लावा. पुढे मात्र दोनाहून जास्त लावू नका : रांगेत टाकताक्षणी अन्न वजा होतं आणि अडकून पडतं.

मेंढ्या टाउन सेंटरला चिकटवून एकेक मारा. मेलेल्या मेंढीचं मांस हळूहळू सडतं, त्यामुळे दोन-तीन एकदम मारल्या तर अन्न वाया जातं. लाकूडतोडीचा तळ (१०० लाकूड) झाडांना अगदी लागून हवा. दोन-चार पावलांचं अंतरही प्रत्येक खेपेला भरावं लागतं. आणि ५०० अन्न साठूनही पुढचं युग मिळत नसेल तर इमारती मोजा. पहिल्या युगातल्या दोन लागतात, त्यात घरं धरत नाहीत. गिरणी आणि लाकूडतळ एवढ्यावर काम होतं.