आफ्रिकेतल्या मलावीत आरोग्याच्या कामाला जाताय? आधी एवढं करा

अभिनंदन! 2025मध्ये यूएसएडचा, म्हणजे अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेचा, पैसा आटल्यापासून नवा देणगीदार शोधायची धावपळ दिसेल. तुम्ही त्यात पडू नका. आधी जिल्हा आरोग्य कार्यालयात बसून औषधांच्या साठ्याची नोंद वाचा: मलेरियाच्या गोळ्या कधी संपल्या, परत कधी आल्या.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- सरकारी नोंदवही असताना स्वतःचं अ‍ॅप काढणं.
- आपल्या प्रशिक्षणाला सरकारी दरापेक्षा जास्त भत्ता देऊन माणसं ओढणं. तुम्ही गेल्यावर सरकारी प्रशिक्षणाला कुत्रं फिरकत नाही!

गावातल्या लसीकरणाचा भार तिथले सरकारी आरोग्य सहायक उचलतात. त्यांना विचारल्याशिवाय काही ठरवू नका.

जमलं तर जामखेडला जाऊन या. तिथला 1970चा ग्रामीण आरोग्य प्रकल्प गावातल्या बायकांच्याच जोरावर उभा राहिला.