जुन्या फिल्म कॅमेऱ्यावर इनडोअर कबड्डी-बॅडमिंटनचे फोटो येतील का? ४०० चा रोल पुरेल का, की फ्लॅश लावू?

येतात भाऊ, आणि तुमच्या वडिलांचा तो पेंटॅक्स के१००० अन् ५० एमएम एफ/२ लेन्स आहे ना, तेवढ्यावरच येतात. फ्लॅशचं डोक्यातून काढून टाका, खेळणाऱ्याच्या डोळ्यावर मारला तर पंच हाकलून देतील, अन् तसंही या कॅमेऱ्यात फ्लॅशला शटर १/६० सेकंदाच्या वर नेता येत नाही.

४०० चा रोल चालतो, फक्त ४०० वर वापरायचा नाही. जळगाव-भुसावळकडचे आपले हॉल डोळ्याला बरे उजेडाचे वाटतात पण कॅमेऱ्याचा उजेड मोजायचा मीटर लावला की लेन्स पूर्ण उघडी म्हणजे एफ/२ ला ठेवूनही शटर १/६० च्या आसपास येतं, त्यात चढाईवाला नुसता पुसट पट्टा. म्हणून फिल्मच्या वेगाची (आयएसओ) डायल १६०० वर करायची, १/२५० मिळतं, आणि रोल धुताना जास्त वेळ धुवायचा, यालाच पुश करणं म्हणतात. अर्ध्यात डायल बदलायची नाही, अख्खा रोल १६०० वरच. पण पुशची लोकं उगा हवा करतात, त्याने उजळ भाग चढतो फक्त, जिथे उजेड पोचलाच नाही तिथे काही येत नाही, सावल्यांचं पार भरीत होतं. त्यामुळे मीटर नीट घेणं महत्त्वाचं, फ्रेममध्ये ट्यूब आल्या की मीटर फसतो, मॅच सुरू व्हायच्या आधी मॅटवर जाऊन तळहातावर मीटर घ्या, एक स्टॉप जास्त म्हणजे दुप्पट उजेड द्या, अन् मग खिडकीचं ऊन आत येत नसेल तर शेवटपर्यंत हात लावू नका.

आता फोकस. एफ/२ ला पाच मीटरवर जेमतेम सव्वा मीटर शार्प येतं, खेळाडूच्या मागे रिंग फिरवत बसलात तर रोल वाया. कबड्डीत मी 'निदान रेषा' म्हणतात त्या मैदानातल्या रेषेवर आधीच फोकस लावून ठेवतो, चढाईवाला ती ओलांडून हात टाकतो अन् परत फिरतो, तिथे एक पाय रोवून तो क्षणभर थांबतोच थांबतो, बोटं हलली तरी चेहरा पक्का मिळतो. पकडीच्या गर्दीत मात्र १/२५० कमी पडतं, पडू द्या, ते हललेलंच छान दिसतं. बॅडमिंटनला स्मॅशची उडी जिथे संपते तिथे दाबायचं, शटल दिसलं नाही तरी चालतंय.

अजून एक भानगड म्हणजे जुन्या चोकच्या ट्यूब. आपली वीज ५० सायकलची, म्हणजे ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते अन् के१००० चं कापडी शटर आडवं सरकतं, त्यामुळे फोटोची एक बाजू उजळ एक काळपट असं होऊ शकतं. मोबाईलवर स्लो मोशन व्हिडिओ काढून बघा, उजेड लुकलुकत असेल तर १/१२५ वर या.

फिल्म ब्लॅक अँड व्हाइटच घ्या, एचपी५ प्लस किंवा ट्राय-एक्स, ट्यूबमुळे कलरमध्ये सगळे हिरवट दिसतात. एचपी५ घरी धुणार असाल तर १६०० साठी आयडी-११ या डेव्हलपरमध्ये, पाणी न मिसळता, २० डिग्रीला १४ मिनिटं, पण मे महिन्यात खान्देशात २० डिग्रीचं पाणी आणणार कुठून भो, टाकीचं पाणी हात भाजेल असं असतं. केमिकलच्या बाटल्या बर्फाच्या बादलीत उभ्या करा, बर्फ केमिकलमध्ये टाकू नका, अन् २४ च्या खाली उतरतच नसेल तर २४ ला साधारण दहा मिनिटं धरा. फिक्सर आणि धुवायचं पाणी पण त्याच्याच जवळपास ठेवा. बाहेर पाठवणार असाल तर डबीवर मार्करने '४०० चा रोल, १६०० वर काढलाय' असं पूर्ण लिहा, नुसतं 'पुश' लिहिलं तर लॅबवाला किती करायचं ते विचारायला फोन करतो अन् रोल आठवडाभर तसाच पडून राहतो.